इंग्रजीच्या छात्राध्यापकाचा आत्मविश्वास : एक ऐतिहासिक विवेचन

भारतातील इंग्रजी अध्यापनाचा इतिहास बहुधा पद्धतींचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. भाषांतर पद्धतीमागून प्रत्यक्ष पद्धती, तिच्यामागून संरचना पद्धती व शेवटी संप्रेषणात्मक पद्धती, असा हा क्रम होय. यात शिक्षक हा केवळ पद्धतीचा वाहक ठरतो. वस्तुतः तो वर्गात उभा राहतो तेव्हा परभाषेविषयीची धास्ती व अध्यापनाविषयीच्या पूर्वग्रहीत समजुती त्याच्यासमवेत असतातच. पद्धतीचे यशापयश पुष्कळ अंशी यांवरच अवलंबून राहते, हे पुढील तीन प्रसंगांवरून दिसून येईल.

पहिला प्रसंग मुंबई इलाख्यातील. तेथील शिक्षणखात्यात अधिकारी असलेले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन यांनी 1911 मध्ये भारतीय शाळांतील इंग्रजीच्या 'प्रत्यक्ष' अध्यापनावर पुस्तक लिहिले. मातृभाषेचा आश्रय न घेता वस्तू, कृती व संभाषण यांच्या द्वारे भाषा शिकवावी, असे ही पद्धती सांगते. परंतु त्यासाठी शिक्षकाला तासभर अस्खलित इंग्रजी बोलता आले पाहिजे. नियम व भाषांतर यांच्या मार्गाने इंग्रजी शिकलेला शिक्षक नियम सांगताना निःशंक असतो. संभाषणात मात्र त्याला पदोपदी चुकीचे भय वाटते. पुढे रेन यांचे नाव घरोघरी पोहोचले ते मार्टिन यांच्या नावाशी जोडलेल्या व्याकरणाच्या पुस्तकामुळे, प्रत्यक्ष पद्धतीमुळे नव्हे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरा प्रसंग मद्रास राज्यातील. तेथे 1959 मध्ये प्रारंभीच्या वर्गांना इंग्रजी शिकविणाऱ्या सुमारे 27,000 शिक्षकांना संरचना पद्धतीचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. निवडक प्रशिक्षकांनी इतरांना शिकवावे व त्यांनी आणखी पुढच्यांना, अशी ही घरंगळत वाढणाऱ्या हिमगोलासारखी योजना होती. वाक्यरचनांचा निश्चित क्रम व मर्यादित शब्दसंग्रह यांमुळे बेताचे इंग्रजी येणाऱ्या शिक्षकालाही ही पद्धती आधार देत असे. हा तिचा मोठाच गुण. परंतु त्याच गुणात एक धोकाही होता. पाठांतर म्हणजेच अध्ययन, अशी ज्याची धारणा, त्याच्या हाती रचनांचा सराव सहजच घोकंपट्टी बनतो. बाह्य पद्धती बदलते, अंतरीची धारणा तशीच राहते.

तिसरा प्रसंग बंगळूरचा. एन. एस. प्रभू यांच्या नेतृत्वाखाली 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतील काही शाळांतून एक प्रयोग झाला. व्याकरणाचा क्रम सोडून, अर्थाकडे लक्ष वेधणारी कार्ये विद्यार्थ्यांना द्यावीत, हे त्याचे सूत्र होते. प्रयोगाच्या अंमलबजावणीचा अभ्यास 1990 मध्ये अ‍ॅलन बेरेटा यांनी प्रसिद्ध केला. प्रयोगाशी निगडित अनुभवी अध्यापकांच्या तुलनेने शाळांतील नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धती आत्मसात करणे अवघड गेल्याचे त्यावरून दिसते. त्याच वर्षी प्रभूंनी असे प्रतिपादिले की, सर्वोत्तम पद्धती शोधण्यापेक्षा, आपले अध्यापन कशामुळे फलद्रूप होते याविषयी शिक्षकाची स्वतःची जाण जिवंत राहणे अधिक महत्त्वाचे आहे.

ही जाण प्रशिक्षण महाविद्यालयात प्रथम जन्मत नाही. विद्यार्थी म्हणून वर्षानुवर्षे शिक्षकांना न्याहाळताना ती नकळत घडते, हे डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये दाखविले. स्वसामर्थ्यावरील विश्वासाचा सर्वांत प्रबळ स्रोत स्वतःच्या यशाचा अनुभव होय, असा सिद्धांत अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडला. व्याख्यानांनी धारणा सहसा बदलत नाहीत, उपदेशाने भीतीही जात नाही.

महाराष्ट्रात 2000 मध्ये मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. ज्यांनी स्वतः पाचवीपासून, तेही बहुधा भाषांतराच्या आधारे, इंग्रजी शिकले होते, अशा अनेकांना सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत बोलावयाचे होते. शिक्षक बिचकला की मूलही बिचकते. म्हणून सराव पाठांचे मूल्यमापन करताना पाठटाचणाच्या नेटकेपणाबरोबरच आणखी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत : छात्राध्यापकाला आपल्या जुन्या समजुती उघडपणे तपासता आल्या काय, आणि चुकूनही बोलत राहण्याचे धैर्य त्याला लाभले काय. या दोहोंवाचून आलेली नवी पद्धती जुन्याच वाटेने जाते, हीच या इतिहासाची शिकवण होय.