बर्लिनचे निकामी झालेले डबे

४ ऑगस्ट २००३. बर्लिन परिसरातील मनोऱ्यांवरून होणारे अॅनालॉग दूरचित्रवाणी प्रक्षेपण कायमचे बंद झाले, जगात सर्वप्रथम. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले.

त्यांना कळणारी भाषा मात्र १९९०च्या दशकातील एमपीईजी-२ ही होती. लागोपाठच्या चित्रांतील साम्य गाळून केवळ फरक पाठवायचा, हे तिचे तत्त्व. २०१३ मध्ये मान्यता मिळालेल्या एचईव्हीसीने तत्त्व तेच राखले. पण चित्राचे तुकडे १६×१६ ऐवजी ६४×६४ बिंदूंपर्यंत घेता येऊ लागले. आकाशासारख्या सपाट भागावर खर्ची पडणारी माहिती त्यामुळे घटली.

बदलाची निकड केवळ सुबक चित्रासाठी नव्हती. २०१५ मध्ये जर्मनीने ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा लिलाव मोबाइल कंपन्यांसाठी केला आणि वाहिन्यांना कमी जागेत दाटीवाटीने बसणे भाग पडले.

२९ मार्च २०१७ रोजी बर्लिनसह अनेक मोठ्या शहरांत जुने प्रक्षेपण थांबले. जुने डबे एका दिवसात निकामी! नवा डबा ग्राहकाच्याच खिशातून. सार्वजनिक वाहिन्या खुल्या राहिल्या. प्रमुख खासगी वाहिन्या मात्र कुलूपबंद झाल्या. पहिले तीन महिने मोफत, नंतर वर्षाला ६९ युरो. त्याच वाहिन्या २००३च्या डब्यावर विनाशुल्क दिसत असत.