मुरूडचे गुरुजी आणि त्यांची शिष्यपरंपरा

दापोली तालुक्यातील मुरूड, मुर्डी, आंजर्ले या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी मुले शिकून बाहेर पडली, त्यांच्या गुरुजींविषयीची माहिती सरकारी दप्तरापेक्षा त्या शिष्यांच्या आत्मचरित्रांत अधिक सापडते. मुरूडच्या शाळेतील विनायक लक्ष्मण सोमण यांचे नाव टिकले ते धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. लोकसेवेचे संस्कार या गुरुजींनी केले, हे कर्व्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त कृतज्ञतेने नोंदवले आहे. हे लेखन करताना कर्वे स्वतः निवृत्त शिक्षक होते, ही गोष्ट अभ्यासकांनी आजवर दिले त्यापेक्षा अधिक महत्त्व देण्याजोगी आहे.

सहावी इयत्ता म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीचा मार्ग उघडणारी मराठी परीक्षा. तिच्यासाठी कर्वे १८७५ साली सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, परंतु वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही, आणि पुढे कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती दिली. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, आणि अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापन करण्याची प्रतिज्ञा घेणारे, म्हणजे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ‘आजीव सदस्य’, झाले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा ज्या मुरूडने त्यांना घडवले त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावाविषयीची त्यांची आस्था मात्र त्यामुळे आटली नाही.

मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कर्व्यांचे नातलग आणि विद्यार्थीही. केंब्रिजच्या गणित परीक्षेत प्रथम येणाऱ्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत, आणि १८९९ साली हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. मायदेशी परतल्यावर १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि कर्वे त्याच महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे गुरूने शिष्याच्या हाताखाली काम करण्याचा योग आला, जो १९१४ मध्ये कर्वे निवृत्त होईपर्यंत टिकला. अधिकाराची अशी उलटापालट झाली म्हणजे संबंधांत अवघडलेपण शिरण्याचे भय असते. येथे मात्र १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूपद परांजपे यांनीच स्वीकारले.