तिसरं देणं

अमळनेर, 1927. प्रताप मिलचा भोंगा नुकताच होऊन गेलाय आणि तुम्ही प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात उभे आहात. “कोन शे?” तोंड धुवायला निघालेला एक मुलगा विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पळतो. आत त्याच्या अंथरुणाची घडी घालताहेत खुद्द पांडुरंग सदाशिव साने. घडी झाली की कंदील उचलतात. काचेवरची काजळी फडक्याने पुसतात, काच उजेडात धरतात, कडेला राहिलेला डाग पुन्हा पुसतात.

याच गावात 1916 साली गिरणीमालक प्रतापशेटांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने तिथेच अभ्यासाला आले होते. 1924 मध्ये ते सोडून शाळेत मास्तर झाले. तत्त्वज्ञान सुटलं, असं म्हणणारे म्हणोत. मला ते त्या फडक्यात दिसतं.

आता धुळ्याचा तुरुंग. 12 जून 1932, रविवार. उकाड्याने सदरा पाठीला चिकटलाय. स्वातंत्र्यलढ्यातल्या कैद्यांच्या रांगेत तुम्हीही मांडी घालून बसता. विनोबा भावे गीतेचा सतरावा अध्याय उलगडताहेत. माणूस जन्मतो तो तीन संस्थांसह: सृष्टी, समाज आणि हे शरीर. तिन्ही आपण वापरतो, झिजवतो. सृष्टीची झीज यज्ञाने भरायची, समाजाचं ऋण दानाने फेडायचं, शरीराचं देणं तपाने.

तुमची नजर मात्र टिपून घेणाऱ्या हातावर आहे. फेब्रुवारीपासून दर रविवारी साने गुरुजी हे लिहून घेताहेत. त्यातूनच पुढे ‘गीता प्रवचने’ घरोघरी पोचणार आहेत. शरीराची झीज भरून काढायची, हेही आज त्यांच्याच हाताने कागदावर उतरलं.

आणि तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. 11 जून 1950 रोजी हा माणूस आपलं आयुष्य संपवणार आहे. आजपासून अठरा वर्षं, त्यात एक दिवस कमी. समाजाचं देणं त्यांनी दामदुपटीने फेडलं. स्वतःची झीज तशीच राहिली. ती भरण्याचं काम त्यांच्या एकट्याचं होतं, असं मला वाटत नाही. दुसऱ्यांची अंथरुणं आवरणाऱ्याला झोप लागते का, हे आजूबाजूच्यांनीच विचारायचं असतं.

प्रवचन संपतं. कैदी पांगतात. गुरुजी अजून वाकलेलेच, निसटलेले शब्द भरताहेत. तुम्ही उठून त्यांच्यापाशी जाता.

“गुरुजी, राहू द्या ते. आधी चार घास खाऊन घ्या.”