डेटाबेसमधील इंडेक्सची निवड

डेटाबेसमधील तक्त्यातून हव्या त्या नोंदी संपूर्ण तक्ता न वाचता मिळाव्यात, यासाठी एका किंवा अनेक रकान्यांतील मूल्ये चटकन शोधता येतील अशी मांडून त्यांच्यासोबत मूळ नोंदीचा ठावठिकाणा साठवणाऱ्या पूरक रचनेला इंडेक्स म्हणतात. आणि असे इंडेक्स कोणत्या रकान्यांवर, कोणत्या क्रमाने व किती ठेवावेत हे ठरवणे म्हणजे इंडेक्सची निवड. साध्या इंडेक्समुळे क्वेरीचे उत्तर बदलत नाही, ते मिळण्यास लागणारा वेळ बदलतो. म्हणून ही निवड तक्त्याच्या रकान्यांची यादी पाहून नव्हे, तर त्या तक्त्यावर प्रत्यक्ष चालणाऱ्या क्वेरी पाहूनच करावी लागते.

सर्वाधिक वापरात असलेली रचना बी-ट्री ही होय. रूडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी ती बोईंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत १९७०च्या सुमारास विकसित केली आणि तिच्यावरील त्यांचा शोधनिबंध १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. या रचनेत मूल्ये क्रमाने लावून ठरावीक आकाराच्या पानांत साठवली जातात. हे पान पोस्टग्रेसमध्ये सामान्यतः ८ किलोबाइटचे, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-प्रणालीत १६ किलोबाइटचे असते. एका पानात ३०० मूल्ये मावतात असे धरल्यास तीन पातळ्यांत २ कोटी ७० लाख मूल्ये सामावतात, म्हणजे कोट्यवधी नोंदींमधील एक नोंद मोजकी पाने वाचून सापडते.

क्रमावर आधारलेल्या या रचनेचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. आडनावाच्या रकान्यावर इंडेक्स असेल, तर ‘देश’ या अक्षरांनी सुरू होणारी आडनावे शोधताना तो उपयोगी पडू शकतो. मात्र ‘कर’ या अक्षरांनी संपणारी आडनावे त्या क्रमात सर्वत्र विखुरलेली असल्याने तेथे त्याची मदत होत नाही. रकान्यावर एखादे फलन लावून, उदाहरणार्थ तारखेतून फक्त वर्ष काढून, तुलना केली तरी सहसा हीच अडचण येते. अशा वेळी वर्षाच्या पहिल्या व शेवटच्या तारखेची मर्यादा घालून क्वेरी नव्याने लिहिणे, किंवा त्या फलनाच्या फलितावरच इंडेक्स करणे, हे उपाय उपलब्ध असतात.

अनेक रकान्यांच्या संयुक्त इंडेक्समध्ये रकान्यांचा क्रम निर्णायक ठरतो. वीजबिलांच्या तक्त्यातून एका ग्राहकाची विशिष्ट दिनांकानंतरची बिले काढायची असल्यास ‘ग्राहक क्रमांक, दिनांक’ हा क्रम योग्य ठरतो, कारण त्या ग्राहकाची बिले इंडेक्समध्ये सलग व दिनांकानुसार लावलेली असतात. क्रम उलटा ठेवल्यास त्या दिनांकानंतरच्या साऱ्याच ग्राहकांच्या नोंदी चाळाव्या लागतात. म्हणून समानतेच्या अटीचा रकाना आधी आणि मर्यादेच्या अटीचा नंतर, असा साधारण नियम पाळतात. केवळ दिनांकावरून शोधणाऱ्या क्वेरीला मात्र पहिल्या क्रमाचा फारसा लाभ होत नाही. काही प्रणालींतील स्किप स्कॅन ही सोय अशा वेळी पुढचा रकाना वापरू शकते, परंतु ती पहिल्या रकान्यात मोजकीच वेगवेगळी मूल्ये असली तरच फायद्याची ठरते.

इंडेक्स असूनही तो वापरायचा की नाही, हे डेटाबेसमधील ऑप्टिमायझर खर्चाचा अंदाज घेऊन ठरवतो. या पद्धतीचा पाया आयबीएमच्या सिस्टम आर प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७९च्या शोधनिबंधाने घातला. शंभरापैकी पंचाण्णव बिले भरलेली असतील, तर भरलेली बिले मागणाऱ्या क्वेरीसाठी सबंध तक्ता ओळीने वाचणेच बहुधा स्वस्त पडते. थकीत बिलांसाठी मात्र फक्त त्याच नोंदींचा आंशिक इंडेक्स पोस्टग्रेसमध्ये करता येतो आणि तो आकाराने लहान राहतो. हा अंदाज तक्त्याच्या सांख्यिकीवर उभा असल्यामुळे ती शिळी झाली की योग्य इंडेक्सही दुर्लक्षित राहू शकतो. एक्सप्लेन या आदेशाने ऑप्टिमायझरची योजना पाहता येते, परंतु ती खऱ्या आकाराच्या विदेवर पाहावी, कारण शे-दोनशे नोंदींच्या चाचणी-तक्त्यावर मिळालेला निष्कर्ष फसवा असतो.

प्रत्येक इंडेक्सची किंमत लेखनाच्या वेळी मोजावी लागते. नवी नोंद आली की सामान्यतः तक्त्यावरील सगळे इंडेक्स अद्ययावत करावे लागतात, शिवाय ते साठवणुकीची आणि स्मृतीची जागा व्यापतात. इनोडीबीमध्ये प्रत्येक दुय्यम इंडेक्स प्रायमरी कीची प्रत बाळगतो, त्यामुळे लांबलचक प्रायमरी की निवडल्यास सर्वच इंडेक्स फुगतात. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून इंडेक्स करत जाण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

इंडेक्सचा सर्वोत्तम संच शोधणे हा एनपी-कम्प्लीट वर्गातील प्रश्न असल्याचे डग्लस कोमर यांनी १९७८मध्ये दाखवले; म्हणजेच त्यावर जलद आणि नेमका असा सर्वसाधारण मार्ग ज्ञात नाही. मायक्रोसॉफ्टमधील सुरजित चौधरी व विवेक नरसय्या यांच्या संशोधनातून पुढे आलेली इंडेक्स सुचवणारी साधने दिलेल्या क्वेरींच्या नमुन्यावरून शिफारस करतात. त्या नमुन्यात वर्षअखेरच्या हिशेबाच्या क्वेरी नसतील, तर त्यांना लागणारा इंडेक्स ती सुचवू शकत नाहीत.