दारचा कुत्रा कोणाचा?

कुत्र्यांची संख्या आटोक्यात कशी ठेवायची, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ६ जून १८३२ रोजी मुंबईत कुत्री मारणाऱ्या शिपायांविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद पडली. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. पण रागाचे तेवढेच कारण नव्हते. दर कुत्र्यामागे पैसे मिळत असल्याने शिपाई पाळीव कुत्रीही मारतात, अशी लोकांची तक्रार होती. मालक असलेला कुत्रा कोणता आणि बेवारस कोणता, हा वाद तेव्हापासूनचा आहे. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाय आणि शेठ अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ सुरू केली.

तरीही कुत्री मारणे विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालूच राहिले. संख्या मात्र घटली नाही. याचे कारण सोपे आहे. एखाद्या वस्तीत किती कुत्री राहतील, हे तिथल्या उकिरड्यावर आणि आडोशावर ठरते. काही कुत्री मारली, की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त अन्न येते, त्यांची पिले अधिक जगतात आणि शेजारची कुत्रीही मोकळ्या जागेत येतात. मादीचा गर्भकाळ जेमतेम ६३ दिवसांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० च्या मार्गदर्शिकेत केवळ मारण्याचा उपाय निष्फळ ठरवला.

दुसरा मार्ग मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून दाखवला होता. कुत्रे पकडायचे, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, खूण म्हणून कानाला खाच पाडायची आणि त्याच जागी सोडायचे. मुंबईने १९९४ मध्ये हा मार्ग धरला आणि २००१ च्या केंद्रीय नियमांनी तो देशभर लागू झाला. मात्र एका भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत थोड्या काळात पोहोचले, तरच त्याचा उपयोग होतो.

याच नियमांनी कुत्र्यांचे दोन वर्ग केले, पाळीव आणि रस्त्यावरचे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण व नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरली. २०२३ च्या नव्या नियमांतही ती कायम आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने २००८ मध्ये चार महिन्यांवरील पाळीव कुत्र्या-मांजरांची नसबंदी सक्तीची केली. परंतु तिथे स्वस्त शस्त्रक्रियेचे पालिका केंद्र १९७१ मध्येच उघडले होते. आधी सोय, मग सक्ती, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

आता आपल्या औद्योगिक पट्ट्याकडे पाहू. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या गावांची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. गावात कुत्रा 'दारचा' असे. भाकरी घरची, फिरणे गावभर. गावाचे शहर झाले, पण ही रीत राहिली. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या डब्यातले खाणारा, सोसायटीच्या वाहनतळात झोपणारा कुत्रा पाळीव म्हणायचा की रस्त्यावरचा? त्याला भाकरी देणारे अनेक असतात, पण लस टोचून घेण्याची वेळ आली की मालक कोणीच नसतो. शिवाय महापालिकेची हद्द संपते तिथे कुत्री थांबत नाहीत. पुढे चाकण नगरपरिषद, कुरुळी-निघोजेसारख्या ग्रामपंचायती. एकाने नसबंदी केली आणि शेजाऱ्याने केली नाही, तर पिले पुन्हा येतातच. त्यामुळे मालकावर सक्ती करण्याआधी अशा कुत्र्याचा मालक ठरवावा लागेल, शस्त्रक्रिया हाताशी आणावी लागेल आणि सर्व हद्दींत एकाच वेळी काम करावे लागेल.

रेबीजची लक्षणे दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि या रोगाच्या बळींत मुलांची संख्या मोठी असते. म्हणून हा विषय वर्गात यायला हवा. चावल्यास जखम लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक मुलाला पाठ असावे. मोठ्या विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील कुत्री लांबूनच मोजावीत. कानाला खाच असलेली किती? खाच नसलेली किती? आणि ज्यांना कोणी रोज खायला घालते, अशी किती? तिसरा आकडा पाहिला, की दारचा कुत्रा कोणाचा, या प्रश्नावर गल्लीत बोलायला सुरुवात करता येईल.