कानांनी वाचलेला मजकूर

१९२३ च्या कांतो भूकंपात तोक्यो नगरीची जी पडझड झाली, तिचा राडारोडा खाडीत लोटून घातलेल्या भरावांतून तोयोसूची भूमी आकारास आली. तिच्यावर पुढे इशिकावाजिमा कंपनीची गोदी उभी राहिली, २००२ मध्ये ती बंद पडल्यावर कचेऱ्या व निवासी मनोरे आले, आणि २०१८ मध्ये त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार येथे हलल्यापासून तर हे नाव मासळीच्याच संदर्भात घेतले जाऊ लागले. तथापि आयबीएमची तोक्यो संशोधनशाळाही २०१२ मध्ये यामातो शहरातून येथे येऊन काही वर्षे नांदली. आणि वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत योग्य घटक निवडण्याचे महत्त्व ज्या प्रयोगाने प्रत्ययास आणून दिले, तो याच संशोधनशाळेचा.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएलच्या ज्या अठरा खुणा नमूद केल्या, त्यांत मथळा, परिच्छेद, यादी, इतकेच काय, पत्ता यांनाही स्वतंत्र स्थान होते. पेशवे दप्तरातील पत्रात मायना कोठे संपला, मजकूर कोठे सुरू झाला आणि ‘लेखनसीमा’ हा शिक्का कशासाठी उमटला, हे कारकुनाचे अक्षर कसेही असले तरी जाणत्याला कळत असे. नव्या खुणांचा हेतूही तोच होता. परंतु लवकरच बाजाराने दिखाव्याचा आग्रह धरला; फाँट ही खूण रूढ झाली, आकडेवारीच्या तक्त्यासाठी असलेला टेबल हा घटक पानाचे रकाने पाडण्यास राबवला गेला, आणि मथळा म्हणजे केवळ ठळक, मोठे अक्षर अशी समजूत दृढ झाली. डोळस वाचकाचे त्यामुळे काही अडले नाही.

अडले ते इतरांचे. वयाच्या चौदाव्या वर्षी दृष्टी गमावलेल्या आणि १९८५ मध्ये आयबीएममध्ये दाखल झालेल्या चिएको असाकावा यांनी १९९७ मध्ये ‘होम पेज रीडर’ ही पान वाचून दाखवणारी आज्ञावली सिद्ध केली; आरंभी म्हटलेला प्रयोग तो हाच. संगणकाच्या अंकफळीवरील कळा दाबीत अंध वाचक पानातून पुढेमागे फिरे. साधा मजकूर पुरुषी आवाजात ऐकू येई, आणि दुवा आला की आवाज स्त्रीचा होई. हा बदल शक्य झाला, कारण दुव्याला त्याची स्वतःची खूण होती. जेथे मथळा नुसताच ठळक केलेला असे तेथे यंत्राला मथळ्याचा पत्ताच लागत नसे, आणि चित्राला पर्यायी मजकूर जोडलेला नसेल तर ते चित्र ऐकणाऱ्यापुरते नसल्यात जमा होई.

या अनुभवाला पुढे नियमांचे बळ मिळाले: १९९९ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, २००४ मध्ये जपानने जेआयएस एक्स ८३४१-३ हे मानक लागू केले, आणि २०१४ मध्ये एचटीएमएल५ ने नॅव्ह, मेन, आर्टिकल, फूटर अशी अर्थवाही नावे शिफारशीत समाविष्ट केली. स्वतः असाकावा २०२१ मध्ये, तोयोसु ज्या कोतो विभागात मोडते त्याच विभागातील मिराइकान या विज्ञानसंग्रहालयाच्या प्रमुख झाल्या.

आजही एखादा कारागीर डिव्ह या अर्थशून्य घटकाला रंगवून त्याचे बटण करतो. माऊसने ते चालतेही. पण टॅबच्या कळेने तेथे पोहोचता येत नाही, एंटर दाबल्यास ते दाद देत नाही आणि वाचक-आज्ञावली त्याला बटण म्हणत नाही. खऱ्या बटन घटकात हे सारे मुळातच असते. रूपाचा भार १९९६ पासून सीएसएस या शैलीभाषेने उचललेला असल्यामुळे, दिसण्याच्या सबबीवर चुकीचा घटक वापरण्यास आता कोणतीही सवलत उरलेली नाही.