दुमजली बसचा निरोप



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, तह आणि सनदा उभ्या राहतात. भंगारांत निघालेली बसगाडी कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. तथापि ता. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं बेस्टची जुन्या पद्धतीची शेवटची दुमजली बस अंधेरीस फुलांच्या माळा लेवून निघाली, तेव्हां तिला निरोप देण्यास बरेच शोकीन लोक जमले होते. त्यांस कोणी रिकामटेकडे म्हणेल. मला तसें वाटत नाहीं.

या गाडीचें कुळ जुनें आहे. १८७४ सालीं मुंबईंत घोड्यांची ट्राम आली. १९०७ सालीं ती विजेवर चालूं लागली. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धांवली, आणि १९३७ सालीं बसवर दुसरा मजला चढला. तो कांहीं शोभेसाठीं नव्हे. मुंबई ही समुद्रांत शिरलेली चिंचोळी भूमि. रस्ते रुंद करण्यास जागा कोठून आणावी? तेव्हां एका गाडीच्या जागेंत जवळजवळ दुप्पट माणसें नेणें हाच उपाय उरला. गिरगांवांतील चाळीनें जें केलें तेंच बसनें केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मजले दोन म्हणून कंडक्टरहि दोन. पुढें वेगळ्या कप्प्यांत बसलेल्या ड्रायव्हरास मागचा कारभार केवळ घंटेवरून कळे : एका टोल्यास थांबावें, दोन टोल्यांस निघावें. वरच्या मजल्यावरील पुढच्या बांकासाठीं मुलेंच काय, पोक्त माणसेंहि जिना धांवत चढत. तेथें बसल्यावर झाडांच्या फांद्या छपरास घासत आणि समोरून वारा थेट तोंडावर येई. पुढें हा दुसरा कंडक्टरच गाडीस महाग पडला. १९९० च्या सुमारास अशा सुमारें ९०० गाड्या होत्या. २०२३ सालीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, आणि पंधरा वर्षांचें वय भरतांच त्याहि निघाल्या.

शोकीन लोकांची मागणी एवढीच होती, कीं निदान दोन गाड्या आणिक आगारांतील संग्रहालयांत ठेवाव्या. मागणी अवाजवी नव्हे. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम धांवली आणि तिचे रूळ डांबराखालीं गेले. २०१७ सालीं हुतात्मा चौकांतील कारंज्याच्या दुरुस्तींत त्यांचे तुकडे वर आले, तर ती वर्तमानपत्रांत बातमी झाली! जें लाखों लोकांनीं रोज वापरलें, तें दोन पिढ्यांत उत्खननाचा विषय व्हावें हें नवलच. लंडनवासीयांनीं १९५६ पासून धांवणारी रूटमास्टर ही दुमजली गाडी ९ डिसेंबर २००५ रोजीं नित्याच्या सेवेंतून काढली; परंतु अशा कितीतरी गाड्या तेथील हौशी लोकांनीं पदरमोड करून चालत्या ठेविल्या आहेत.

विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली गाड्या फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईंत आल्या, मग शोक कसला, असाहि प्रश्न होईल. त्या चांगल्याच आहेत. धूर नाहीं, घाम नाहीं. मात्र त्यांच्या कांचा बंद असतात.

जुनी गाडी ठेवावयाची तर ती चालती ठेवावी, असें माझें मत आहे. तिच्याबरोबर मार्गाच्या पाट्या, रंगीत तिकिटांची पत्र्याची पेटी आणि तिकिटें टोंचण्याचा तो चिमटाहि ठेवावा. कंडक्टर जिना चढून वर येत आहे हें त्या चिमट्याच्या टिकटिकीवरूनच प्रवाशांस आधीं कळत असे, आणि खिशांत सुट्या पैशांची चांचपणी सुरू होई.